दुखलं तर हात वर कर

दिवसभर मी लोकांना तोंड उघडायला लावते.
आ करा. अजून. जरा डावीकडे.
उलानबातरमध्ये, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर
माझी एक खुर्ची, एक दिवा,
आणि खिडकीबाहेर कोळशाचा धूर एवढा
की दुपारी तीनलाही समोरची इमारत
अंदाजानेच तिथे असते.

लोक बोलतात. कापूस कोंबलेल्या तोंडानेही बोलतात.
एका आजोबांनी तर बधिर जिभेने
त्यांच्या लहानपणीच्या एका घोडीची हकिगत सांगितली.
मला एक शब्द कळला नाही
आणि माझे डोळे भरून आले.

आणि एक तू.
गानतोमोर. पोलाद आणि लोखंड.
तुझ्या आईबापांना एक धातू पुरला नाही.

उणे छत्तीसात, पहाटे पाचला,
बूट हातात धरून तू जिना उतरतोस.
माझ्या गाडीच्या इंजिनावरची नमद्याची गोधडी काढतोस,
ते धडधडू लागेपर्यंत थांबतोस,
परत येऊन गार पायांनी निजतोस, माझ्यापासून वीतभर लांब,
मला गारठा लागू नये म्हणून.
मी जागी असते हे तुला ठाऊक नाही.

बहीण म्हणते, हेच की गं ते. अजून काय हवं?
मला अजून हवंय.
गरम इंजिन हे गरम इंजिन असतं, नोमिन.
त्याचा अर्थ रोज उठून मीच का लावायचा?

नोव्हेंबरात तू म्हणालास,
गावी जाऊन येतो. सूप आहे पातेल्यात.
चौथ्या दिवशी तुझ्या वहिनीच्या फोनवरून कळलं
की तुझे वडील गेले.
मधे तुझा एक आवाजी निरोप आला होता, अकरा सेकंदांचा:
वारा, कुत्रं, कुणीतरी लावून घेतलेलं दार.
एक्स-रे दिव्यासमोर धरावा
तसा मी तो पुन्हा पुन्हा कानाशी धरला.
एकही सावली दिसली नाही.

तू आलास तेव्हा मी भांडले.
वाट्टेल ते बोलले, दोघांच्या वाटचं बोलले.
तू मिठाची गुळणी धरून बसलास.
अरे, मिठाची गुळणी मीच लोकांना लिहून देते,
पण ती थुंकायची असते.
कधीतरी थुंकायची असते.

काल तू आलास. दवाखान्यात.
बाहेर नाव नोंदवून, परक्यासारखा बाकावर बसून,
तुझा नंबर येईतो.
खालची दाढ. उभी चिरलेली.
किती दिवस दुखतंय? आठवडा?
तू मान हलवलीस.
महिना?
तू दिव्याकडे पाहत राहिलास.

मग मला बाकीचे दात दिसले.
सगळे घासलेले, टोकं सपाट झालेली.
झोपेत दात खाणाऱ्या माणसाचे असतात तसे.
म्हणजे तो आवाज. रात्री भिंतीकडून येणारा,
करकर, करकर,
मी हीटरचा पाइप समजून
दोनदा प्लंबर बोलावला होता.
मी, दातांची डॉक्टर.
तीन महिने तुझ्या शेजारी निजून
प्लंबर बोलावला.

मास्क चढवला. हातमोजे घातले.
आवाज सरळ ठेवून, सगळ्यांना सांगते तेच सांगितलं:
दुखलं तर हात वर कर.

सुई अजून ट्रेमध्ये होती.
ड्रिल हुकावर.
मी तुला बोटही लावलं नव्हतं.

तू हात वर केलास.

अजून सुरू कुठे केलंय, असं म्हणून चिमगे हसली.
मी तिला बाहेर पाठवलं,
दिवा बाजूला सारला,
स्टूल ओढून बसले.
पुढच्या पेशंटने दार वाजवलं, मग पुन्हा वाजवलं.

हात वरच होता.